जामीन मिळाला, जामीनदार मिळेना : कच्च्या कैद्यांनी भरलेले तुरुंग

नवी दिल्ली : न्यायालयाने जामीन मंजूर केलेला आहे, आदेशाची प्रत कारागृहात पोहोचलेली आहे, तरीही कैदी बाहेर आलेला नाही. असे किती जण देशाच्या तुरुंगांत आहेत, याचा शोध २०२२ च्या अखेरीस घेण्यात आला, तेव्हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवलेला आकडा सुमारे पाच हजारांचा होता. विधी सेवा यंत्रणेने हालचाल केल्यावर त्यांपैकी १,४१७ जण सुटले. या लोकांच्या बाबतीत कायद्याचा प्रश्न केव्हाच सुटलेला होता. न्यायाधीशांनी कागद पाहिले होते आणि या माणसाला आत ठेवण्याची आवश्यकता नाही, असा निष्कर्ष काढला होता. अडले होते ते जामीनदारापाशी, ठरावीक रकमेपाशी, कित्येकदा दुसऱ्या एखाद्या जुन्या प्रकरणापाशी.

पाच हजार ही संख्या मोठी वाटत नाही, कारण ती ज्या समूहातून निघाली तो फार मोठा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातील १,३३० कारागृहांत ५,७३,२२० कैदी होते आणि या कारागृहांची अधिकृत क्षमता ४,३६,२६६ इतकी होती. कैद्यांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी, म्हणजे कारागृहाच्या भाषेत न्यायाधीन बंदी होते. शिक्षा झालेल्यांची संख्या १,३३,४१५ होती. या आकड्यांचा एकच अर्थ निघतो. तुरुंगांत केवळ दोषी ठरलेल्यांना ठेवावयाचे झाल्यास दोन तृतीयांशांहून अधिक जागा रिकामी राहील. २०२२ च्या अखेरीस मात्र देशातील जवळजवळ सगळी अधिकृत जागा एकट्या कच्च्या कैद्यांनीच व्यापली होती आणि सिद्धदोष बंदी जणू वरकड ठरले होते.

अमेरिकेतील तुरुंगांच्या प्रश्नाशी भारताची तुलना वारंवार होते, ती मर्यादित अर्थानेच खरी आहे. अमेरिकेत एक लाख लोकसंख्येमागे पाचशेहून अधिक माणसे गजाआड आहेत. भारतात हे प्रमाण चाळिसाच्या आसपास आहे. तेथील वाढीचे मोठे कारण अमली पदार्थविरोधी मोहीम आणि विधिमंडळांनी ठरवून वाढविलेल्या दीर्घ शिक्षा हे होते. भारतात माणसांना तुरुंगात लोटण्याचा असा कोणताही जाहीर निर्णय कोणी घेतलेला नाही. येथे तुरुंग भरतात ते अटक, रिमांड आणि पुढची तारीख या रोजच्या छोट्या व्यवहारांतून, आणि म्हणूनच त्याची जबाबदारी कोणाच्याही माथी बसत नाही.

अटक ही पहिली पायरी. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत आरोपीला सरसकट अटक करू नये, आधी नोटीस द्यावी आणि अटक केलीच तर तिची कारणे लेखी नोंदवावीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ च्या अर्णेश कुमार प्रकरणातील निर्देश आहे. तो पोलिसांना आणि दंडाधिकाऱ्यांना सारखाच लागू आहे. आठ वर्षांनी, २०२२ मध्ये, सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात न्या. संजय किशन कौल आणि न्या. एम. एम. सुंदरेश यांच्या खंडपीठाला तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागली. तुरुंगांतील कच्च्या कैद्यांपैकी बहुसंख्यांना अटक करण्याची गरजही नसावी, असे निरीक्षण या खंडपीठाने नोंदविले. राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९८० मध्ये याहून वेगळे काही सांगितले नव्हते. सुमारे ६० टक्के अटका अनावश्यक किंवा असमर्थनीय असतात, हा त्या आयोगाचा अंदाज नंतरच्या अनेक निकालपत्रांत आढळतो.

दुसरी पायरी कनिष्ठ न्यायालयाची. तेथे जामीन नाकारण्याचा कल का आहे, याचे एक उत्तर त्याच अंतिल निकालात आहे. फौजदारी खटल्यांत दोषसिद्धीचे प्रमाण अत्यल्प आहे आणि जामिनाचा निर्णय देताना ही बाब न्यायालयाच्या मनावर आरोपीच्या विरोधात परिणाम करीत असावी, असे खंडपीठाने म्हटले. म्हणजे पुढे शिक्षा होण्याची शक्यता कमी, म्हणून आत्ताच तुरुंगात ठेवण्याकडे ओढा. न्यायशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात न बसणारा हा तर्क, पण व्यवहारात तो चालतो. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये दुसरे कारण सांगितले होते. जामीन दिल्यास आपल्यावर ठपका येईल, या भीतीने जिल्हा पातळीवरचे न्यायाधीश गंभीर प्रकरणांत कचरतात आणि उच्च न्यायालयांत जामीन अर्जांचा पूर येतो. जामीन नाकारल्याबद्दल मात्र कोणत्याही न्यायाधीशाला स्पष्टीकरण द्यावे लागल्याचे सहसा ऐकिवात येत नाही.

कायदे करतानाही तुरुंगाचा हिशेब मांडला जात नाही. बिहारने २०१६ मध्ये दारूबंदीचा कठोर कायदा केला. मद्यपान हाच तुरुंगवासाचा गुन्हा ठरल्याने अटकांची संख्या इतकी वाढली की, पाटणा उच्च न्यायालयातील न्यायमूर्तींचा मोठा वेळ जामीन अर्जांतच जाऊ लागला. डिसेंबर २०२१ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी विधिमंडळांच्या दूरदृष्टीच्या अभावाचे उदाहरण म्हणून याच कायद्याचा उल्लेख केला. पुढच्या वर्षी बिहार सरकारने दुरुस्ती करून पहिल्यांदा सापडलेल्यास दंड भरून सुटण्याची मुभा दिली. तोपर्यंत तुरुंगाची वारी करून आलेल्यांत रोजंदारीवर जगणारेच अधिक होते. अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ३७, बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यातील जामिनाच्या अटी किंवा आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधक कायद्यातील दुहेरी कसोटी या तरतुदींनी जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद हे तत्त्व उलटे केले आहे. झारखंडमधील आदिवासी कच्च्या कैद्यांच्या प्रश्नावर काम करणारे फादर स्टॅन स्वामी जुलै २०२१ मध्ये वयाच्या ८४ व्या वर्षी मुंबईत मरण पावले, तेव्हा तेही कच्चे कैदीच होते.

तथापि, या विशेष कायद्यांची जितकी चर्चा होते तितकी त्यांखालील कैद्यांची संख्या नाही. तुरुंगांत चोरी, मारामारी, फसवणूक, दारू, हुंडा आणि जमिनीच्या भांडणांतले आरोपीही मोठ्या संख्येने आहेत. आणि त्यांच्यापैकी अनेकांची अडचण सुरू होते ती जामीन मिळाल्यानंतर.

जामिनाच्या आदेशात ‘पंचवीस हजारांचा जातमुचलका व तितक्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार’ असे एक वाक्य असते. ज्याच्या घरी जमिनीचा सातबारा आहे किंवा नोकरदार भाऊ आहे, त्याला हे वाक्य दोन दिवसांचे काम आहे. ज्याच्याकडे ते नाही, त्याच्यासाठी हाच खरा निकाल असतो. जामीनदाराची शिधापत्रिका, आधार, पगाराचा दाखला, ऐपतीचा दाखला. त्यासाठी तलाठी आणि तहसील कार्यालय. मग कागदपत्रांची पोलीस पडताळणी. मुंबईतील न्यायालये रोख रकमेवर काही आठवड्यांपुरते तात्पुरते सोडून मधल्या काळात जामीनदार उभा करण्याची सवलत देतात. ही सवलत उपयोगी आहे, पण रोख रकमेची अट तिच्यातही आहेच. उत्तर प्रदेशातून आलेल्या बांधकाम मजुराला मुंबईत, किंवा बीडहून कर्नाटकात ऊसतोडीला गेलेल्या मजुराला तेथील न्यायालयात, स्वतःच्या नावावर मालमत्ता असलेला ओळखीचा माणूस कोठून मिळावा? तालुक्याच्या न्यायालयांबाहेर पैसे घेऊन उभे राहणारे धंदेवाईक जामीनदार याच गरजेतून निर्माण झाले आहेत, आणि त्यांचा दरही गरजूच भरतो.

हा प्रश्न नवा नाही. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातील मोतीराम नावाच्या एका गरीब गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. दंडाधिकाऱ्यांनी त्यासाठी दहा हजार रुपयांची हमी मागितली आणि जामीनदार म्हणून उभा राहिलेला त्याचा भाऊ नाकारला, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी ती रक्कम एक हजारावर आणली आणि जिल्ह्याबाहेरचा म्हणून जामीनदार नाकारणे घटनेच्या भावनेशी विसंगत ठरविले. स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात पुन्हा लिहिले. दोन आदेशांमध्ये पंचेचाळीस वर्षांचे अंतर आहे.

मोतीरामच्या निकालानंतर काही महिन्यांतच, जानेवारी १९७९ मध्ये, ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये बिहारमधील तुरुंगांविषयी दोन लेख आले. लेखक होते के. एफ. रुस्तमजी, नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले, सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख आणि त्या वेळी राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य. आरोप सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून अधिक काळ आत काढलेली माणसे त्यांनी पाहिली होती. काही स्त्रिया तर आरोपीही नव्हत्या. गुन्ह्याच्या बळी किंवा साक्षीदार म्हणून त्यांना ‘संरक्षणा’साठी कोठडीत ठेवले होते. हे लेख वाचून ॲड. कपिला हिंगोरानी यांनी हुसैनारा खातून यांच्या नावाने याचिका केली. तिच्यातूनच जलद न्यायाचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाचा भाग ठरला आणि देशात सुमारे चाळीस हजार कच्चे कैदी सुटल्याचे सांगितले जाते. भारतातील जनहित याचिकेचा उगमच कच्च्या कैद्यांच्या प्रश्नात आहे. त्या चळवळीने पुढे पर्यावरणापासून निवडणूक सुधारणांपर्यंत बरेच काही बदलले. कच्च्या कैद्यांचे प्रमाण मात्र २०१२ मध्ये ६६ टक्के होते, ते २०२२ मध्ये ७५.८ टक्क्यांवर गेले.

या दशकातील मोठी उडी करोनाकाळातली आहे आणि ती बरेच काही सांगून जाते. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील गर्दी कमी करण्यासाठी प्रत्येक राज्यात उच्चाधिकार समिती नेमण्यास सांगितले. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांतील कैद्यांना तात्पुरते सोडण्याचे धोरण ठरले. त्या वर्षाअखेरीस शिक्षा झालेल्यांची संख्या घटली, परंतु कच्चे कैदी ३,३०,४८७ वरून ३,७१,८४८ वर गेले. पुढच्या दोन वर्षांत आणखी साठ हजारांची भर पडली. न्यायालये मंदावली होती, पोलिसांच्या अटका चालू होत्या. आत येण्याचे दार आणि बाहेर जाण्याचे दार वेगवेगळ्या यंत्रणांच्या हाती असल्याचा हा परिणाम.

बाहेर जाण्याचे दार एरवीही अरुंदच आहे. दर दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश असावेत, अशी शिफारस विधी आयोगाने १९८७ मध्ये केली होती. आज हे प्रमाण तिच्या निम्म्यापर्यंतही पोहोचलेले नाही. जिल्हा न्यायालयांतील चार कोटींहून अधिक प्रलंबित प्रकरणांत सुमारे तीन चतुर्थांश फौजदारी आहेत. तारखेच्या दिवशी कैद्याला नेण्यासाठी पोलीस पथक उपलब्ध नसते, साक्षीदार येत नाही, सरकारी वकील बदललेला असतो. २०२२ च्या अखेरीस एक वर्षाहून अधिक काळ आत असलेल्या कच्च्या कैद्यांची संख्या सव्वा लाखांच्या वर होती. त्यांतील ११,४४८ जणांची पाच वर्षे उलटून गेली होती.

आत कोण आहे, हे पाहिले की या व्यवस्थेचा कल उघड होतो. कच्च्या कैद्यांपैकी साधारण दोन तृतीयांश निरक्षर किंवा दहावीपर्यंतही न पोहोचलेले आहेत. लोकसंख्येत १६.६ टक्के असलेल्या अनुसूचित जातींचा कच्च्या कैद्यांत वाटा सुमारे २१ टक्के, तर १४.२ टक्के असलेल्या मुस्लिमांचा सुमारे १९ टक्के आहे. पारधी आणि इतर विमुक्त जमातींवर ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने मारलेला गुन्हेगारीचा शिक्का १९५२ मध्ये कागदोपत्री पुसला गेला. सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांतून आणि कारागृह नियमावल्यांतून तो रेंगाळत राहिला. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जातीवरून कामे वाटणाऱ्या आणि विमुक्तांना जन्मजात गुन्हेगार समजणाऱ्या अशा तरतुदी रद्द केल्या.

कच्च्या कैद्याची स्थिती काही बाबतींत शिक्षा झालेल्यापेक्षाही वाईट असते. सिद्धदोष बंद्याला काम आणि थोडीफार मजुरी मिळते, शिक्षेत सूट मिळते, संचित व अभिवचन रजेवर घरी जाता येते. न्यायाधीन बंद्याला यांतले बहुतेक काहीच नाही आणि मुख्य म्हणजे सुटकेची तारीख नाही. म्हणूनच छोट्या गुन्ह्यांत आत काही महिने काढलेले आरोपी ‘गुन्हा कबूल’ म्हणून मोकळे होतात. भोगलेला काळ शिक्षेत वजा होतो, त्यामुळे कबुली हाच बाहेर पडण्याचा जवळचा रस्ता ठरतो. निर्दोषत्वासाठी लढणाऱ्याला आणखी वर्षभर आत राहावे लागते. दोषसिद्धीच्या आकड्यांत अशा कबुल्या वेगळ्या ओळखू येत नाहीत, आणि त्या माणसाला पुढे प्रत्येक वेळी ‘पूर्वी शिक्षा झालेला’ हे बिरुद चिकटून राहते.

मतदानाच्या बाबतीत विसंगती अधिकच ठळक आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२ नुसार तुरुंगात असलेल्या व्यक्तीस मत देता येत नाही. त्याच आरोपाखालचा जामिनावर सुटलेला आरोपी मतदान करतो, प्रतिबंधात्मक स्थानबद्ध व्यक्तीलाही तो अधिकार आहे. केवळ जामीनदार न मिळालेल्याला नाही. मात्र हाच कच्चा कैदी निवडणूक लढवू शकतो, आणि २०२४ मध्ये दोन जण तुरुंगातून लढून लोकसभेवर निवडून आलेही.

कुटुंबावर पडणाऱ्या भाराची सरकारी नोंद कोठेही होत नाही. कमावत्याची मजुरी बंद होते, वकिलाचा आणि मुलाखतीसाठी जाण्या-येण्याचा खर्च सुरू होतो, दागिने आणि शेळ्या विकल्या जातात, मोठ्या मुलाची शाळा सुटते. २०२२ मध्ये १,५३७ महिला कैद्यांसोबत १,७६४ मुले तुरुंगात राहत होती. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना आईजवळ राहता येते, त्यानंतर त्यांची रवानगी नातेवाइकांकडे किंवा संस्थेत होते. मुंबईच्या कारागृहांत १९९० पासून काम करणाऱ्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ प्रकल्पातील समाजकार्यकर्त्यांचा बराच वेळ कायद्याच्या बाहेरच्याच कामांत जातो : घरच्यांचा पत्ता शोधणे, गावी निरोप पोहोचविणे, कागदपत्रे गोळा करणे. अटक झाल्याचे घरी कळलेलेच नसते, अशी माणसेही त्यांना भेटतात.

राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी २६ नोव्हेंबर २०२२ रोजी संविधान दिनाच्या समारंभात लिखित भाषण बाजूला ठेवून नेमक्या याच माणसांविषयी बोलणे पसंत केले. सोडवायला गेलो तर घरातली भांडीकुंडीही विकावी लागतील, या धास्तीने नातेवाईक फिरकत नाहीत. आणि आपण प्रगती करीत असू तर आणखी तुरुंग बांधण्याची गरज का पडावी, असे त्या म्हणाल्या. समोर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आणि कायदामंत्री बसले होते. त्यानंतर तीनच दिवसांनी न्या. कौल यांच्या खंडपीठाने जामीन मिळूनही आत असलेल्यांची माहिती मागविली, आणि पाच हजारांचा तो आकडा त्यातून पुढे आला. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशाने काही गोष्टी निश्चित केल्या. जामिनानंतर सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. महिनाभरात हमी देता आली नाही, तर न्यायालयाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा.

सरकारनेही २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात गरीब कैद्यांसाठी योजना आणली. वर्षाला वीस कोटी रुपये आणि कच्च्या कैद्यामागे चाळीस हजारांपर्यंत मदत, असे तिचे स्वरूप होते. हेतू चांगला असला तरी अनेक राज्यांनी पात्र कैदी शोधून निधी वापरण्यात दिरंगाई केली आणि गृह मंत्रालयाला त्यांना पुनःपुन्हा पत्रे पाठवावी लागली. शिवाय जामिनाची किंमत गरिबाला परवडत नाही, म्हणून ती सरकारने भरावी, या उपायात ती किंमत मुळात कशासाठी, हा प्रश्न बाजूलाच राहतो. हमीची रक्कम अवाजवी नसावी, असे कायद्यात आधीपासूनच आहे. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात हमी न देऊ शकणाऱ्याला निर्धन मानून जातमुचलक्यावर सोडावे, अशीही तरतूद २००५ पासून आहे. अजामीनपात्र गुन्ह्यांसाठी तशी तरतूद नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने एक पाऊल पुढे टाकले. पूर्वी कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेला कच्चा कैदी सुटकेस पात्र होई. आता पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्यासाठी ही मर्यादा एक तृतीयांशावर आली. तरतूद जुन्या प्रकरणांनाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. परंतु त्याच कलमात दुसरी एक ओळ आहे : एकाहून अधिक गुन्ह्यांचा किंवा एकाहून अधिक प्रकरणांचा तपास वा खटला प्रलंबित असल्यास हा लाभ नाही. एका घटनेत चार कलमे लावणे ही पोलीस ठाण्यातील रोजची रीत आहे आणि चोरीच्या संशयितावर उघडकीस न आलेल्या जुन्या चोऱ्या टाकणे हीही. ज्यांच्यासाठी सवलत आणली, त्यांतील मोठा भाग या ओळीने बाहेर राहतो. जुन्या कायद्यात असे सरसकट बंधन नव्हते.

अंतिल निकालात सर्वोच्च न्यायालयाने ब्रिटनच्या धर्तीवर स्वतंत्र जामीन कायदा करण्याचा विचार केंद्राने करावा, असे सुचविले होते. नव्या संहितेने जामिनाची व्याख्या प्रथमच केली; स्वतंत्र कायदा झालेला नाही. चुकीच्या खटल्यात तुरुंगवास भोगलेल्यांना भरपाईचा वैधानिक हक्क द्यावा, ही विधी आयोगाची २०१८ ची शिफारसही संहितेत आली नाही. त्यामुळे पाच वर्षांनी निर्दोष सुटलेल्या माणसाला कारागृहाच्या दारात आजही परत मिळते ते इतकेच : अटकेच्या दिवशी त्याच्या अंगझडतीत जमा झालेले सामान आणि त्याची पावती.